ब्रिग्जने वसवलेली पेठ मोजू या, सावरू या : धुळेकरांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

धुळ्याच्या पेठेतली जुनी घरे मोजून कागदावर आणायची आणि त्यांतली जी अजून सावरता येतील ती येत्या पावसाळ्याआधी सावरायची, या दोन कामांसाठी आम्ही पेठेतले रहिवासी आपल्याकडे मदत मागत आहोत. घरातले जुने कागद, रविवारचे दोन-चार तास, साहित्य आणि पैसे, यांतले जे जमेल ते द्या. काय, किती आणि कशासाठी, ते पुढे लिहिले आहे. जरा लांबले आहे, पण पूर्ण वाचावे ही विनंती.

१८०३ च्या दुष्काळात धुळे ओस पडले होते. दुसऱ्या वर्षी विंचूरकर सरदारांच्या पदरी असलेल्या बाळाजी बळवंत यांनी ते पुन्हा वसवले. १८१८ मध्ये खानदेश कंपनी सरकारकडे गेला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज पोलिटिकल एजंट म्हणून आला. मद्रासच्या फौजेतला, फार्सी जाणणारा, दख्खनचा कमिशनर एल्फिन्स्टन याच्या हाताखाली तयार झालेला हा अधिकारी. अभियंता किंवा वास्तुकार नव्हे. १८१९ मध्ये त्याने मुख्य ठाण्यासाठी धुळे निवडले, कारण ते खानदेशाच्या मधोमध आणि पुण्याहून उत्तर हिंदुस्थानाकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर होते. तेव्हाचे धुळे म्हणजे एकीकडे पांझरा नदी, दुसरीकडे पाटाचे पाणी, भोवती बागाईत आणि मध्ये ४०१ घरे. वस्ती २५०९.

ब्रिग्जने कचेऱ्या बांधायला मंजुरी मिळवली, लांबलांबून कारागीर आणले, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे घरासाठी जागा कायमच्या बिनभाड्याने दिल्या. पक्के घर बांधायला आगाऊ रक्कमही दिली, जुन्या रहिवाशांना आणि नव्याने येणाऱ्यांनाही. आमच्या मते पेठेचे खरे मर्म इथे आहे. जागा पिढ्यान्‌पिढ्या आपलीच राहणार अशी खात्री असली की माणूस सागवानी खांब उभे करतो, दगडी जोते चढवतो, रस्त्याकडे ओटा काढतो. जुन्या धुळ्याच्या वाकड्यातिकड्या बोळांतून निघून आग्रा रोडलगतच्या नंबरवाल्या गल्ल्यांत शिरले की फरक पायांनाच कळतो. गल्ली सरळ जाते, दारे एका ओळीत येतात. ब्रिग्ज १८२३ मध्ये साताऱ्याचा रेसिडेंट म्हणून गेला. पुढे नागपूरलाही होता. १८७५ मध्ये वारला. खानदेशात तो उणीपुरी पाच वर्षे होता, तेवढ्यात एका गावाला त्याने शहराचे वळण लावले.

पेठेची आखणी सर विश्वेश्वरय्यांनी केली असे धुळ्यात सर्रास बोलले जाते. त्यांच्याबद्दल आम्हाला नितांत आदर आहे, म्हणूनच साल नीट मांडतो. विश्वेश्वरय्यांचा जन्म १८६१ चा, म्हणजे पेठेचा पाया पडल्यावर चाळीसेक वर्षांनी. पुण्याच्या कॉलेजातून पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण होऊन १८८४ मध्ये ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले आणि अगदी सुरुवातीच्या नेमणुकीत खानदेशात आले. साक्रीकडच्या दातर्तीला पांझरेच्या पाण्यासाठी नळाचा सायफन बांधणे हे त्यांचे पहिल्या कामांपैकी एक. पाटाचे पाणी वाहत्या पात्राच्या खालून बंद नळातून न्यायचे आणि पलीकडे पुन्हा वर काढायचे. आत शिरणारी पातळी बाहेर पडणाऱ्या पातळीपेक्षा उंच ठेवली की पंप लागत नाही. खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे आणि कृष्णराजसागर पुढचे. हाताला पहिले वळण आपल्या पांझरेने दिले. तेव्हा पाण्याचे श्रेय विश्वेश्वरय्यांना आणि पेठेचे ब्रिग्जला द्यावे. पण त्याहून जास्त श्रेय त्या आगाऊ रकमेवर खरोखर घरे उभारणाऱ्या गवंडी-सुतारांना आणि त्यात राहिलेल्या व्यापाऱ्यांना. त्यांची नावे कोणत्याही गॅझेटियरमध्ये नाहीत. ती आपल्या घरातल्या कागदांत आहेत.

म्हणून पहिली मागणी कागदांची. सनद, खरेदीखत, वाटणीपत्र, गहाणखत, नगरपालिकेची जुनी घरपट्टीची पावती, सिटी सर्व्हेचा उतारा, लग्नात ओट्यावर काढलेला फोटो, काहीही चालेल. खरेदीखतातल्या चतुःसीमा आमच्यासाठी सोन्यासारख्या आहेत, कारण पूर्वेस कोणाचे घर, पश्चिमेस कोणती गल्ली हे चार शेजाऱ्यांच्या कागदांतून जुळवत गेले की मूळ प्लॉटची रुंदी सापडते. मूळ कागद आम्ही ठेवून घेणार नाही. आपल्यासमोर स्कॅन करून त्याच बैठकीत परत देऊ. घडीवर फाटलेला कागद सेलोटेपने चिकटवून आणू नका. टेपचा डिंक पिवळा पडतो आणि शाई ओढून घेतो. दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवून आणा.

दुसरी मागणी हातांची. एक घर मोजायला चार जण लागतात. दोघे टेप धरायला, एक लिहायला, एक फोटोला. ३० मीटरचा एक टेप, ५ मीटरचे दोन, ओळंबा, पाण्याची पारदर्शक नळी आणि जाड पॅड एवढे सामान. आधी खोलीचा कच्चा आराखडा हाताने काढायचा, मग माप. भिंतीची मापे तुकड्यातुकड्याने घेतली की प्रत्येक तुकड्यात अर्ध्या-पाव इंचाची चूक साठत जाते. म्हणून टेपचे शून्य एका कोपऱ्यात धरून दार, खिडकी, कोनाडा, खांब यांची मापे एकाच ओढीत सलग वाचायची. प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण घ्यायचेच. जुन्या खोल्या क्वचितच काटकोनात असतात, आणि कर्ण नसले तर घरी येऊन काढलेला नकाशा बंद होत नाही. भिंतीची जाडी दाराच्या चौकटीत मोजायची आणि गिलावा किती हे वेगळे लिहायचे. मापे फूट-इंचातच घ्या, कारण बांधणाऱ्याचा हिशेब मीटरचा नव्हता. ओट्याची उंची आणि रस्त्याची पातळी मात्र पाण्याच्या नळीनेच जुळवा, नजरेने नाही. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर पातळी चुकते, तेव्हा आधी नळी उभी धरून बुडबुडे काढून टाका.

रस्त्याच्या पातळीवर एवढा भर का? दर खेपेला जुना थर न उखडता वर नवा थर टाकत गेल्याने गल्ल्या चढल्या आणि ओटे बुडाले. एके काळी तीन पायऱ्या चढून जायचे त्या घरांत आता एकच पायरी आहे, काहींत रस्ता जोत्याच्या वर गेला आहे. पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून घरमालक आतली जमीन उंचावतो, फरशी टाकतो, आणि त्या फरशीखाली खांबाचा तळखडा गाडला जातो. सागवानी खांब दगडाच्या तळखड्यावर उभा असतो तो बुंधा कोरडा राहावा म्हणून. फरशी आणि सिमेंटने त्याला गळ्यापर्यंत वेढले की बुंधा कायम ओला राहतो. वरून खांब ठणठणीत दिसतो, रंगही नवा असतो. तळाशी हातोडीच्या दांड्याने ठोकले की आवाज बद येतो आणि दाभण बोटभर आत जाते. असा खांब बदलायचे कारण नसते. दोन्ही बाजूंना टेकू द्यायचे, वरच्या मजल्यावरही त्याच ओळीत टेकू हवेत, नाहीतर भार अधांतरी राहतो. मग स्क्रू जॅकने जेमतेम भार सुटेपर्यंतच उचलायचे (जास्त उचलले की वरच्या भिंतीला तडे जातात), कुजलेला भाग निरोगी लाकडापर्यंत कापायचा, त्याच जाडीचा जुना सागवानी तुकडा तिरप्या जोडाने बसवायचा आणि तळखडा फरशीच्या वर आणायचा. यासाठी आम्हाला पाडलेल्या घरांतले सागवान हवे आहे. नवे लाकूड आकसते आणि जोड उघडतो. जुने आकसून झालेले असते. तीन फुटांचा तुकडासुद्धा टाकू नका.

आता धाबे, म्हणजे घराचे मातीचे सपाट छत. खानदेशातले घर वरूनच मरते. कड्या (आडवी लाकडे), त्यावर पाट (फळ्या), त्यावर काड्यांचा थर, माती आणि सर्वांत वर खारी, म्हणजे खारट माती. आखाजी (अक्षय्य तृतीया) ते मिरिग (मृग नक्षत्र) या काळात खारी टाकायची हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. पण ती का चालते आणि का चालत नाही हे विसरत चालले आहे. खाऱ्या मातीत सोडियम असते. पाणी लागले की तिचे बारीक कण सुटे होतात, फुगतात आणि छिद्रे बुजवतात. साधी काळी माती तडकते, पांढरी विरघळून पन्हाळीतून निघून जाते. आणलेली माती खरी खारी आहे का ते असे पाहा : काचेच्या ग्लासात पावसाचे किंवा डिस्टिल्ड पाणी घ्या, वाटाण्याएवढे कोरडे ढेकूळ अलगद सोडा, हलवू नका. काही वेळात ढेकळाभोवती दुधट वलय पसरले आणि सकाळपर्यंत पाणी निवळले नाही, तर माती कामाची. ढेकूळ नुसते फुटून तळाशी बसले आणि पाणी स्वच्छ राहिले, तर ट्रॉली परत पाठवा. बोअरच्या जड पाण्यात ही परीक्षा फसते.

दरवर्षी नवा थर टाकायचा आणि जुना काढायचा नाही, ही चूक घरे पाडते. दहा बाय दहाच्या खोलीवर दोन इंच खारी म्हणजे साधारण पाऊण टन. असे थर साठून फूटभर झाले की एक ब्रास (शंभर घनफूट) माती, सुमारे साडेचार टन, तेही कोरडी असताना. कड्या वाकतात, मध्ये खोलगट होते, पाणी तिथेच साचते आणि कडी कुजते. म्हणून आधी जुनी माती उतरवायची, पण एका बाजूने नव्हे. दोन्ही बाजूंनी सारखी, टोपलीटोपलीने, खाली टेकू लावूनच. कड्या तपासून झाल्यावर मातीचा एकूण थर सहा इंचांवर ठेवायचा, म्हणजे अशा खोलीला अर्धा ब्रास. उतार दहा फुटांना निदान अडीच इंच, आणि पन्हाळ भिंतीपासून हातभर बाहेर.

भिंतींचे काम चुन्यातच करू. सिमेंटचा गिलावा वरून घट्ट दिसतो, पण जोत्यातून चढलेली ओल त्याला ओलांडता येत नाही. क्षार आतच साठतात, लोणा लागतो आणि विटेचा भुसा होतो. मग दोन वर्षांत गिलाव्याचा पापुद्रा विटेचा थर घेऊनच गळून पडतो. चुना निदान पंधरा दिवस पाण्यात भिजत ठेवून, गाळून, एकास दोन किंवा अडीच धुतलेली वाळू घालून मळायचा. सांधे बोटभर खोल खरवडून भिंत भिजवायची आणि मग पाऊण इंच, दोन थरांत. शंभर चौरस फुटांना साधारण सव्वासहा घनफूट माल लागतो, वाया जाणारा वेगळा. हे काम दिवाळी ते महाशिवरात्र एवढ्याच काळात होईल. वैशाखात आपल्याकडे पारा चव्वेचाळीसच्या वर जातो, चुना मुरायच्या आधी वाळतो आणि जाळीसारखा तडकतो. तेव्हा चुन्याची देणगी दिवाळीपूर्वी आणि खारीची चैत्रात हवी. बाजारभाव रोज बदलतात, म्हणून रुपये न सांगता परिमाणे दिली आहेत. कोणी एक धाबे घ्यावे, कोणी एक भिंत, कोणी एका गवंड्याची आठवडाभराची मजुरी.

पुणे, मुंबई, सुरत, नाशिकला असलेल्या पेठकरांना वेगळे सांगायचे आहे. कुलूपबंद घर सर्वांत आधी जाते. पन्हाळीत पिंपळाचे रोप उगवते, ते उपटायला कोणी नसते, आणि दोन पावसाळ्यांत त्याची मुळे भिंतीत शिरतात. किल्ली विश्वासाच्या शेजाऱ्याकडे ठेवा आणि पत्राने आम्हाला वर्षातून दोनदा धाबे पाहण्याची परवानगी द्या. मालकी, भाडे, वाटणी यांच्याशी समितीचा काहीही संबंध राहणार नाही, हे त्याच पत्रात लिहून घ्या.

आणि ज्यांनी घर पाडायचेच ठरवले आहे त्यांनाही हे आवाहन आहे. आपण का पाडता ते आम्ही विचारणार नाही. कुटुंब वाढते, वाटण्या होतात, डागडुजी परवडत नाही. हे सगळे खरे आहे. फक्त मजूर लावण्याच्या आठ दिवस आधी निरोप द्या. एका रविवारी आम्ही मोजमाप आणि फोटो घेऊ, नकाशाची एक प्रत आपल्याला देऊ. कड्या, तुळया, खांब, चौकटी विकायच्या असतील तर वखारीच्या भावाने आधी आम्हाला विचारा. आणि नवे घर बांधताना गल्लीची जुनी रेषा सोडू नका. पुढे एक फूट सरकलेले घर सगळ्या ओळीची सावली आणि गटाराचा उतार बिघडवते.

मोजणी दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता सुरू होईल. येताना टोपी, पाण्याची बाटली आणि जाड तळाचे बूट घालून या, धाब्यावर खिळे असतात. रोख रक्कम कोणाच्याही हातात देऊ नका. चेक किंवा खात्यावरच द्या, पावती त्याच दिवशी मिळेल. साहित्य दिल्यास ते कोणत्या घराला लागले हे पावतीवर लिहिलेले असेल, आणि दर महिन्याचा जमाखर्च पेठेतल्या फलकावर लावला जाईल.

आपले नम्र,
पेठेतील रहिवाशांची मोजणी व दुरुस्ती समिती, धुळे