तारपा नाच वाचवणाऱ्या फ्रेमवाल्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

आईची तारपा नाचाची वारली चित्राची तसबीर तुम्ही वाचवलीत. त्याबद्दल समोर बोलायला गेलं की तुम्ही "एवढं काय त्यात, ताई" म्हणून विषयच संपवता. म्हणून हे पत्र, सगळ्यांना वाचता येईल असं.

आई तलासरी तालुक्यातल्या आश्रमशाळेत शिक्षिका होती. निवृत्त झाली तेव्हा सहकाऱ्यांनी तिला हे चित्र दिलं. मधोमध तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य घेतलेला तारपावाला आणि त्याच्याभोवती कमरेत हात गुंफून नाचणाऱ्या बायापुरुषांचं वेटोळं. मूळ चित्र नव्हे, ऑफसेटवर छापलेली प्रत. भिंतीला ओल आली, कागद काचेला चिकटला, कडेने कसर लागली. तुमच्याआधी एका दुकानात ऐकलं, "छापीलच तर आहे, टाकून द्या, नवीन आणा." दुसरीकडे पांढऱ्या पोस्टर कलरने डाग झाकून द्यायला तयार होते.

तुम्ही आधी भिंग माझ्या हातात दिलंत. मूळ वारली चित्रात गेरूवर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ चढते. इथे उलटं होतं. बारीक ठिपक्यांनी छापला होता तो गेरू, आणि नाचणारी माणसं म्हणजे शाई न लागलेला कोरा कागद! "कागद पिवळा पडला की माणसंच पिवळी पडतात," तुम्ही म्हणालात, "वरून रंग फासला तर ती माणसं राहणार नाहीत." उन्हाच्या बाजूला लाल-पिवळी शाई आधी उडते, म्हणून तिथला गेरू निळसर-करडा झालाय, हेही तुमच्यामुळे कळलं. इतकी वर्षं रोज बघत होते मी ते चित्र, पण असं कधी पाहिलं नव्हतं.

मग तुमचं काम. घाई नाही, ओढाताण नाही. पातळ पातं केसाएवढं सरकवायचं, थांबायचं, पुन्हा सरकवायचं. एका बाईचं पाऊल काचेवरच राहिलं, ते तुम्ही मला दाखवलंत आणि ती जागा रंगवून लपवली नाहीत. मागचा हार्डबोर्ड काढून ॲसिड-फ्री बोर्ड घातलात, आणि काच कागदाला टेकू नये म्हणून नवं माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, दिलंत. जुन्या माउंटखाली वेटोळ्याचं शेपूट दडलं होतं. नवीन माउंटची खिडकी मोठी कापलीत तेव्हा रांगेच्या टोकाला एक लहान पोर निघालं. आईला तसबीर चौकटीसकटच मिळाली होती, त्यामुळे तिनेही ते कधी बघितलं नव्हतं. आता येईल त्याला ती तेच आधी दाखवते. मग भोपळा, बांबू, ताडाचं पान आणि मेण यांपासून तारपा कसा बनतो, सूर बदलला की पावलं कशी बदलतात आणि नाचताना तारप्याकडे कुणी पाठ का करत नाही, हे सगळं सांगून होईपर्यंत चहा गार होतो.

जिव्या सोमा म्हसे यांनी सत्तरच्या दशकात ही कला भिंतीवरून कागदावर नेली, 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या हातचं चित्र शिक्षिकेच्या पगारात कुठून येणार? आमच्यासारख्यांच्या घरी वारली आली ती छापील प्रतींमधूनच. त्या प्रतीला तुम्ही मूळ चित्राचा मान दिलात, दादा, आणि पैसे मात्र साध्या फ्रेमचेच घेतलेत. हे मी विसरणार नाही.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे तसबीर आता आतल्या, कोरड्या भिंतीवर आहे, मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावलेत, हवा खेळती राहते. आईने तुम्हाला सहकुटुंब जेवायला बोलावलंय. तांदळाच्या भाकऱ्या ती स्वतः करणार आहे, तेव्हा नाही म्हणू नका.

तुमची,
तारपावाल्या बाईंची लेक