सिकलसेलच्या नोंदी आणि आजारांच्या सांकेतिक क्रमांकांची पारख

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट असून आपल्या नंदुरबार व धुळे जिल्ह्यांतील आदिवासी पट्टा त्यात महत्त्वाचा आहे. किती जणांची तपासणी झाली याचे आकडे बातम्यांत येतात. मात्र ती नोंद संगणकात कोणत्या संज्ञेखाली जाते, याची चर्चा कोठे होताना दिसत नाही.

सोल्युबिलिटी ही रक्ताची प्राथमिक चाचणी ‘पॉझिटिव्ह’ आली म्हणजे ती व्यक्ती वाहक (एएस, म्हणजे एकाच पालकाकडून सदोष जनुक मिळालेली) आहे की रुग्ण (एसएस, म्हणजे दोघांकडूनही मिळालेली), हे त्या चाचणीवरून ठरत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी चाचणी करावी लागते. आयसीडी-१० या आजारांच्या जागतिक वर्गीकरणात वाहकासाठी डी५७.३, तीव्र वेदनेचा झटका आलेल्या रुग्णासाठी डी५७.० आणि झटका नसलेल्यासाठी डी५७.१ असे वेगळे क्रमांक आहेत. तरीही केसपेपरवर नुसते ‘सिकलसेल पॉझिटिव्ह’ लिहिले जाते आणि संगणकावर बसलेला कर्मचारी यादीत जे आधी दिसेल ते निवडतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण ओपीडीची रांग दारापर्यंत आलेली असते. परिणाम मात्र दोन्ही बाजूंनी होतो: निरोगी वाहकाच्या माथी आजार लागतो, लग्न जुळवताना तो आड येतो, आणि ज्याला हायड्रॉक्सियुरिया हे औषध नियमित हवे तो खरा रुग्ण आकड्यांत हरवतो.

अशा नोंदींसाठी वापरायच्या वैद्यकीय संज्ञांची यादी, म्हणजे संज्ञासंग्रह, चांगला कशास म्हणावे, याचे निकष नवे नाहीत. वैद्यकीय माहितीशास्त्राचे अभ्यासक जेम्स सिमिनो यांनी १९९८ मध्ये ते मांडले: एका संज्ञेला एकच अर्थ असावा, वापरातून काढलेली संज्ञा पुसून टाकू नये, आणि ‘इतरत्र वर्गीकृत न केलेले’ असे कप्पे ठेवू नयेत, कारण यादीत नवी संज्ञा आली की त्या कप्प्याचा अर्थ गुपचूप बदलतो आणि जुन्या वर्षांशी तुलनाच करता येत नाही. हा शेवटचा निकष मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि आपल्याकडील संगणकीय याद्यांत नेमका तोच सर्रास मोडला जातो.

भारत २०१४ पासून स्नोमेड सीटी या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संज्ञासंग्रहाचा सदस्य आहे. त्याचे राष्ट्रीय केंद्र पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत असून सदस्य देशांना या संग्रहात बदल सुचवता येतात. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या वर्गीकरणाच्या नव्या आवृत्तीसाठीही सूचना ऑनलाइन पाठवता येतात. म्हणजे वाट मोकळी आहे, पण धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या दवाखान्यातील परिचारिकेला ती कोणी दाखवलेली नाही.

जिल्हा आरोग्य विभागाने दर तिमाहीस काही केसपेपर चिठ्ठ्या टाकून निवडावेत, ते दोन प्रशिक्षित कर्मचाऱ्यांना एकमेकांचे उत्तर न पाहता सांकेतिक क्रमांक लावण्यासाठी द्यावेत आणि दोघांत किती ठिकाणी फरक पडला ते जाहीर करावे, अशी माझी विनंती आहे. जेथे फरक जास्त पडेल तेथे आधी यादीतील संज्ञा तपासावी, कर्मचाऱ्यांना नोटीस नंतर काढावी. सुरुवात सिकलसेलपासूनच व्हावी.

आपला,
एक वाचक, शहादा (जि. नंदुरबार)