उत्तर येण्याआधीचं आभारपत्र

काकू,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुम्हाला पत्र मी पहिल्यांदाच लिहितेय, आणि तेही उघड, सगळ्यांना वाचता येईल असं. ज्यांच्या घरचं माणूस आज खाटेवर आहे त्यांच्यापर्यंत ते पोचावं असं फार वाटतं. तुमचं नाव लिहीत नाही. तुम्हाला ते रुचायचं नाही, एवढं मी आता तुम्हाला ओळखते.

माणूस बरं झालं की साक्ष द्यायची, अशी आपली रीत. तो स्वतःच्या पायांनी चर्चमध्ये येतो, समोर उभा राहतो आणि सगळे मिळून देवाचे उपकार मानतात. माझा भाऊ अजून तसा आलेला नाही. येत्या मंगळवारी त्याचं बोनमॅरोचं, म्हणजे हाडांतल्या रक्त बनवणाऱ्या मगजाचं, ट्रान्सप्लांट आहे आणि पुढचं डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नाहीत. म्हणून तर मला आजच लिहायचंय. लाजराच्या कबरेवरची धोंड सरकवली तेव्हा लाजर आत मेलेलाच होता, आणि त्याच क्षणी येशूने वर पाहून बापाचे आभार मानले. हाक मारून त्याला जिवंत बाहेर बोलावलं ते नंतर. हा क्रम तुम्ही मला फोनवर दाखवलात, बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय हळूहळू वाचून. त्या रात्री मला तो कळला नव्हता. आज कळतोय.

निदान झालं त्या दिवशी डॉक्टरांनी 'अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया', म्हणजे एक प्रकारचा रक्ताचा कर्करोग, हे शब्द दोनदा उच्चारले, कारण पहिल्यांदा मी ऐकलेच नाहीत. तो चौतीस वर्षांचा. दोन आठवडे दमल्यासारखं वाटतंय म्हणत होता, हिरड्यांतून रक्त येत होतं, आणि आम्ही टूथब्रश बदलला होता. तुमची-माझी ओळख तोवर उपासनेनंतर दारात हसण्यापुरती. तरी रात्री नऊला तुमचा फोन आला. काय झालं, कसं झालं, कुठल्या डॉक्टरांना दाखवलं, यातलं काहीच तुम्ही विचारलं नाहीत. "सकाळपासून कुठे टेकलीस का गं जरा?" एवढंच विचारलंत. मी तोपर्यंत खरंच बसले नव्हते.

मी म्हटलं, "काकू, मला प्रार्थना येत नाहीये. तोंड उघडलं की 'देवा, नको' एवढंच निघतं."

तुम्ही म्हणालात, "मग तू तेवढीच कर. बाकीची मी करते."

आणि केलीत. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, पहिल्या केमोथेरपीचा सबंध महिना. सात दिवस अखंड सलाईनमधून एक औषध, त्यातले पहिले तीन दिवस जोडीला दुसरं. मग खरा कठीण काळ सुरू झाला, कारण औषध वाईट पेशींबरोबर चांगल्याही पेशी मारतं. संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या. साधा ताप म्हणजे धावपळ, तासाभराच्या आत अँटिबायोटिक सुरू व्हायलाच हवं. फुलं नाहीत, भेटायला येणारे नाहीत, दाराशी हात धुतल्याशिवाय मलासुद्धा आत पाऊल नाही.

तुमची ती वही मी नंतर पाहिली. रेघा आखलेली, जाड पुठ्ठ्याची. मला वाटलं होतं तिच्यात वचनं असतील. तिच्यात आकडे होते. तारीख, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी), सर्वांत जास्त ताप, आणि शेवटच्या रकान्यात त्या दिवशी देवाकडे मागितलेली गोष्ट. 'आज घास गिळता यावा.' 'रात्री सलग तीन तास झोप.' 'ताईला रडता यावं.' ही ताई म्हणजे मी. आपल्यासाठी कुणीतरी नेमकं काय मागत होतं हे असं लिहिलेलं वाचायला मिळणं फार थोड्यांच्या वाट्याला येत असेल. 'तिला बळ दे' असं लोक म्हणतात, मीही म्हणत आले. तुम्ही मात्र आधी विचारायचात, आज नक्की काय दुखतंय, आणि मग तेच मागायचात.

प्लेटलेट्सबद्दल मला थोडं सविस्तर लिहायचंय, कारण तिथे मंडळी म्हणजे काय ते मी डोळ्यांनी पाहिलं. रक्त कितीतरी दिवस शीतपेटीत टिकतं, प्लेटलेट्स तशा टिकत नाहीत. त्या बाविसेक अंशांवर, सतत हलत राहणाऱ्या ट्रेवर ठेवतात आणि साधारण पाच दिवसांत वापराव्या लागतात. म्हणजे आज पुष्कळ लोक धावून आले म्हणून पुढच्या महिन्याची सोय होत नाही. रोज नवा माणूस लागतो, आणि तो आदल्या रात्री शोधावा लागतो. तुम्ही एकदा म्हणालात, "अगं, हा तर मान्ना, रानात देवाने रोज आकाशातून दिलेलं अन्न. उद्यासाठी साठवायचा नाही, उद्याचा उद्या पडतो." आणि लगेच तुम्ही दुसऱ्या दिवसाच्या माणसाला फोन लावलात. तुमची श्रद्धा आणि तुमची फोनची यादी यांत मला कधी फट दिसली नाही.

त्या यादीतली किती माणसं आली! हाताच्या शिरेत सुई घेऊन तास-दीड तास यंत्राशेजारी पडून राहायचं, रक्तातून प्लेटलेट्स तेवढ्या काढून घ्यायच्या आणि उरलेलं रक्त परत शरीरात. बहुतेकांनी माझ्या भावाला कधी पाहिलेलंही नव्हतं. त्यांतला एक तरुण मला विसरता येत नाही. दाढदुखीसाठी आदल्या दिवशी त्याने अ‍ॅस्पिरिन घेतली होती आणि त्या गोळीने प्लेटलेट्सचं काम बिघडतं, म्हणून त्याला परत पाठवलं. तो घरी गेला नाही. त्याच्या जागी जो आला त्याचं होईपर्यंत तो बाहेरच्या बाकावर मान खाली घालून बसून होता. मी विचारलं, "अजून थांबलास का रे?" तो म्हणाला, "मला ह्यांच्यासाठी प्रार्थना तरी करता येईल ना." तीन दिवसांनी तो पुन्हा आला आणि त्या वेळी त्याच्या प्लेटलेट्स घेतल्या.

एक जखमही सांगायलाच हवी. दुसऱ्या आठवड्यात ओळखीच्या एका माणसाने मला सांगितलं की घरात विश्वास कमी पडतोय, पुरता विश्वास असता तर एव्हाना ताप उतरला असता. त्या रात्री मी तुमचा फोन दोनदा घेतला नाही. तिसऱ्यांदा घेतला आणि ते सगळं तुमच्यावरच ओतलं. तुम्ही रागावलात. तुम्हाला रागावलेलं मी तेवढं एकदाच ऐकलं. म्हणालात, "प्रेषित पौलाने देहातला काटा काढ अशी देवाला तीन वेळा विनंती केली, काटा निघाला नाही. त्याचा विश्वास मोजायला कोण बसलं होतं?" मग तुम्ही मार्काचा दुसरा अध्याय काढलात. चौघांनी उचलून आणलेला पक्षाघाती, दाराशी गर्दी, मग छप्पर उसकटून वरून खाली सोडलेली बाज. "पाचवं वचन नीट ऐक. येशूने 'त्यांचा' विश्वास पाहिला असं लिहिलंय. त्यांचा. बाजेवर पडलेल्याची कुणी परीक्षा घेतली नाही. तुला आत्ता विश्वास धरता येत नसेल तर नको धरूस. बाजेचे कोपरे आम्ही धरलेत."

काकू, त्या वाक्यावर मी कितीतरी दिवस काढलेत. दुःखात असलेल्या माणसाच्या डोक्यावर त्याच्याच विश्वासाचं ओझं ठेवणं हा क्रूरपणा आहे, असं मला आता ठामपणे वाटतं. ज्यांना सांत्वन करता येत नाही त्यांनी ईयोबाच्या मित्रांसारखं सात दिवस नुसतं जमिनीवर बसावं. त्यांचं तेवढं बरोबर होतं, चुकलं ते बोलायला लागल्यावर.

आणि तुम्हाला गप्प बसता यायचं. एका रात्री त्याचं तोंड आणि घसा आतून इतका सोलवटला होता की त्याला थुंकीही गिळवेना. तो शब्द बोलत नव्हता, नुसता कण्हत होता. मी फोन त्याच्या उशाशी ठेवला आणि म्हटलं, काकू, प्रार्थना करा. तुम्ही काहीच बोलला नाहीत. मला वाटलं फोन तुटला. कानाला लावला तर तुमचा श्वास ऐकू येत होता. बऱ्याच वेळाने तुम्ही म्हणालात, "रोमकरांस पत्रात आत्मा आपल्यासाठी कण्हतो असं म्हटलंय. तुझा भाऊ कण्हतोय ती प्रार्थनाच आहे बाळा. मी तिच्यात आहे." कण्हणं हा शब्द मी लहानपणापासून त्या वचनात वाचत आले होते. तो खाटेवर प्रत्यक्ष ऐकू येतो तेव्हा वचनाचा अर्थच बदलतो.

तेलाची गोष्टही लिहून ठेवते. याकोबाच्या पत्रात सांगितल्याप्रमाणे मंडळीच्या वडिलांनी, म्हणजे चर्चमधल्या ज्येष्ठांनी, येऊन प्रार्थना करून तेल लावावं अशी त्याची इच्छा होती. तुम्ही आधी वॉर्डात फोन करून विचारलंत, चालेल का, कसं चालेल. दुसरं कुणी असतं तर श्रद्धेच्या भरात सरळ दहा माणसं घेऊन आलं असतं. तुम्ही पेशी जरा वर येईपर्यंत थांबायला लावलंत. मग पाळक एकटेच आले, मास्क, गाऊन, कोपरापर्यंत धुतलेले हात. कपाळावर एक थेंब. बाकीचे वडील खाली मोकळ्या जागेत उभे होते. तुम्ही काचेपलीकडे होतात आणि तुमचा तळवा काचेला टेकलेला होता. आतून त्यानेही हात उचलला, अर्ध्यापर्यंतच आला, पण उचलला.

महिन्याअखेरीस बोनमॅरोच्या तपासणीत वाईट पेशी पाच टक्क्यांच्या खाली आल्या. आजार तात्पुरता मागे हटला, पण त्याच्या पेशींतल्या दोषामुळे तो परतण्याची भीती मोठी, म्हणून ट्रान्सप्लांट. सख्ख्या भावंडाच्या पेशींचा प्रकार पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. माझं निम्मं जुळलं. आता निम्म्यावरही ट्रान्सप्लांट करतात, त्यामुळे दाता मीच आहे. बोनमॅरोतल्या मूळ पेशी रक्तात याव्यात म्हणून इंजेक्शनं सुरू झालीत, हाडं ठणकतात, कंबर तर फारच. हे दुखणं मला सोसवतं. त्याच्यासाठी काही दुखावं असं मला कधीपासून वाटत होतं.

मंगळवारी माझ्या रक्तातून त्या मूळ पेशी काढून घ्यायला माझे दोन्ही हात यंत्राला जोडलेले असतील, चार-पाच तास. आणि त्याच दिवशी त्या पेशी एका साध्या पिशवीतून त्याच्या अंगात जातील. मग दोन-तीन आठवडे पेशी रुजण्याची वाट पाहायची. रुजतील का, मला माहीत नाही. तेराव्या स्तोत्रातलं 'कोठवर' मी अजून रोज म्हणते, तुम्हीच म्हणायला शिकवलंत, आणि ते म्हणणं अविश्वास नाही हेही सांगितलंत.

त्याने निरोप दिलाय. "काकूंना सांग, वही संपत आली असेल तर नवी मी आणून देणार."

तुम्ही सोमवारी रात्री नऊला फोन करालच. या वेळी मला आधी बोलू द्या. सुरुवात मी करते. मध्ये अडकले तर पुढचं तुम्ही घ्या.

तुमची,
त्याची ताई