आवड बघताय, तसं कामही बघा

संपादक साहेब, नमस्कार,

दहावी-बारावीचा निकाल लागला की आपल्याकडं करिअर मार्गदर्शनाचे बोर्ड लागतात आणि सगळीकडं एकच सल्ला असतो, पोराची आवड बघा, म्हणजे ते नोकरीत खूश राहील. मला हे अर्धंच पटतं.

माझा भाचा लहानपणापासून मशीनचा वेडा. मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, शिरोली एमआयडीसीत सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर लागला, आवडीचंच काम मिळालं म्हणून घरात सगळे खूश. आता तो सांगतो दिवसभर एकच जॉब, म्हणजे तोच तो पार्ट, मशीनला लावायचा, बटन दाबायचं, काढायचा, ऑफसेट (मशीनमधलं मापाचं सेटिंग) बदलायचा तर सुपरवायझरला विचारायचं, पार्ट कुठल्या गाडीत बसतो ते कुणी सांगत नाही आणि रिजेक्शन, म्हणजे खराब म्हणून बाद झालेले पार्ट, किती गेलं ते महिन्याच्या शेवटी शिव्या बसल्यावरच कळतं. आता कामाचं नाव काढलं की गप्प बसतो.

समाधान काम कसं आहे यावरही ठरतं, हे हॅकमन आणि ओल्डहॅम या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकातच मांडलंय. त्यांनी पाच गोष्टी बघायला सांगितल्या. कामात वेगवेगळी कौशल्यं लागतात का, एक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपल्या हातनं होतं का, त्याचा कुणाला उपयोग आहे का, स्वतः ठरवायची मोकळीक आहे का, आणि काम कसं झालं ते आपल्याला कळतं का. भाच्याच्या कामात यातलं काय आहे सांगा बरं! आवड आणि समाधान यांचा संबंध आहेच, पण २०२० मध्ये शंभरावर अभ्यास एकत्र करून बघितलं तर तो ०.१९ एवढाच निघाला (० म्हणजे संबंधच नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध), म्हणजे लोक समजतात त्यापेक्षा बराच कमी. कामाच्या या गुणांचा समाधानाशी संबंध मात्र १९८५ च्या तशाच एका अभ्यासात ०.३९ च्या आसपास आला होता.

चप्पल करणाऱ्या कारागिरांकडं बघा, कातडं कापण्यापासून वेणी घालण्यापर्यंत अख्खी चप्पल घरातच डोळ्यासमोर तयार होते. पैसा फार सुटत नाही हे खरं आणि पगार-मजुरी नीट पाहिजेच, त्यात दुमत नाही.

म्हणून कारखानदारांना विनंती आहे, ऑपरेटरला दोन-तीन मशीनवर फिरवा, आपला जॉब त्याला स्वतःच गेजनं (माप तपासायच्या साधनानं) तपासू द्या, रिजेक्शनचा आकडा रोज शिफ्ट संपताना सांगा, याला फार खर्च नाही. आणि मार्गदर्शन करणाऱ्यांनी पोरांना कल चाचणीबरोबर एखाद्या शेडमध्ये पूर्ण शिफ्टभर बसवावं, तिथल्या कामगारांशी बोलू द्यावं.

आपला,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर