खोलीतलं सामान आणि नदीच्या वह्या

पुणे, 26 मे

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

‘तुझ्या खोलीतल्या पसाऱ्याचं काय करायचं?’ असं तुम्ही परवा विचारलंत. फोनवर सांगितलं तर बाबा अर्धं ऐकून पक्कड घेऊन बसतील, म्हणून सगळं लिहूनच पाठवते. पाऊस तोंडावर आहे. 2019 मध्ये 31 जुलैला बडोद्यात एका दिवसात 500 मिलिमीटरच्या आसपास कोसळला होता आणि 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर चढली होती. कारेलीबागेत तळमजल्यावर राहणाऱ्यांना हे मी काय सांगणार!

आधी ती काळी पेटी, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा अँप, तोही जुन्या रेडिओसारखा काचेच्या व्हॉल्व्हचा. वजन तीस किलोच्या घरात आहे आणि ते सगळं एका बाजूला, ट्रान्सफॉर्मर आहेत तिकडे. वरच्या हँडलच्या भरवशावर उचलायची नाही, दोघांनी खालून हात घालायचे. त्यातले दोघं म्हणजे तुम्ही दोघं नव्हे. शेजारच्या मुलांना बोलवा.

बाबा, आता हे नीट वाचा. तुम्ही व्हॉल्व्हचे रेडिओ उघडलेत, हे मला माहीत आहे. आज या अँपमध्ये वीज शिल्लक नसेल, इतकी वर्षं तो बंद आहे. पण ‘चालतोय का बघू तरी’ म्हणून दोन मिनिटं लावलात, की आतले कपॅसिटर चार-साडेचारशे व्होल्ट धरून बसतात आणि प्लग काढल्यावरही सोडत नाहीत. शिवाय वर्षानुवर्षं वीज न मिळालेल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या आतला ऑक्साइडचा पातळ थर झिजलेला असतो. एकदम 230 व्होल्ट दिले तर कपॅसिटर जातो आणि जाताना ट्रान्सफॉर्मरही घेऊन जातो. कारागिराकडून तपासून घ्यायचाच झाला तर सिरीज बोर्डावर, म्हणजे विजेच्या वाटेत 100 वॉटचा जुना पिवळा बल्ब घालून, आणि पहिल्यांदा सगळे व्हॉल्व्ह काढून ठेवून. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर पुढे जायचं. लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, तिथेच थांबायचं. व्हॉल्व्ह परत बसवल्यावर स्पीकरची वायर जोडलेली आहे ना, हे आधी बघायचं. ट्रान्झिस्टरचा अँप स्पीकरशिवाय चालू केला तर सहसा काही बिघडत नाही. व्हॉल्व्हच्या अँपचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. कारागीर यातलं काही न विचारता सरळ प्लग लावायला निघाला, तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

प्लगची वरची जाड पिन शाबूत आहे का, तेही बघा. स्टेजवर गुणगुण सुरू झाली की कुणीतरी हमखास ती पिन तोडायचा. गुणगुण जाते खरी, पण आर्थिंगही जातं. मग गिटारच्या तारा आणि माईकची जाळी यांच्यात व्होल्टेजचा फरक राहतो आणि गाणाऱ्याचा ओठ जाळीला लागला की झटका बसतो. एवढ्याने माणसं मेलेली आहेत. मुळात गुणगुण बहुतेक वेळा येते ती दोन उपकरणं दोन लांबच्या सॉकेटांवर लावल्यामुळे. सगळी एकाच बोर्डावर घेतली की निम्मं काम होतं. वाजवणाऱ्या पोरांना टाळ्यांची जेवढी हौस असते तेवढी आर्थिंगची असती, तर बरं झालं असतं.

अँप विकताना ‘चालू आहे’ म्हणू नका, ‘तपासलेला नाही’ एवढंच म्हणा.

बेस गिटारला एवढा जाच नाही. चार तारांचा मिळून ताण साधारण 75 किलो असतो, म्हणजे तिच्या मानेवर एक धडधाकट माणूस कायम लटकलेला. म्हणून तारा थोड्या सैल करा, प्रत्येक खुंटी एखादा फेरा, पण पूर्ण काढू नका. आत लोखंडी सळई उलट्या बाजूने ताण देते. एका बाजूचा ताण नाहीसा झाला तर मान दुसरीकडे वाकते. वाकली आहे का हे बघायचं असेल तर जाड तार पहिल्या पट्टीवर आणि मान जिथे अंगाला मिळते तिथे, अशी दोन्हीकडे दाबा. मधल्या सातव्या-आठव्या पट्टीपाशी जेमतेम व्हिजिटिंग कार्ड सरकेल एवढी फट हवी. जास्त-कमी दिसली तर मला कळवा, सळई स्वतः फिरवू नका. पाठीमागच्या झाकणाखालची नऊ व्होल्टची बॅटरी मात्र आजच काढा. फुटली तर तिचा रस सर्किट खातो. बॅगेच्या फोममध्ये दमट हवा धरून राहते, तेव्हा बॅग नको. सुती चादरीत गुंडाळून कपाटात उभी करा आणि सोबत सिलिका जेलच्या नारंगी दाण्यांची पिशवी ठेवा. दाण्यांचा रंग उडाला की बदला. वर गच्चीच्या पत्र्याच्या खोलीत उन्हाळाभर काहीही ठेवायचं नाही, तिथे सरस सुटतो.

आता कॅसेट. त्या सध्या अँपवर रचलेल्या आहेत, ही सगळ्यात वाईट जागा. खाली स्पीकरचं लोहचुंबक आहे. आई, त्या तिथून काढ आणि पुस्तकांसारख्या उभ्या ठेव. कॅसेटच्या छोट्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीवर पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी. अशी कॅसेट वाजवून बघायची नाही. बुरशी टेपरेकॉर्डरच्या हेडला लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटला. बिनठिपक्यांच्या असतील त्यांच्या पाठीमागच्या कडेवरच्या दोन्ही छोट्या पट्ट्या तोडून टाक, म्हणजे चुकून कुणी वर काही रेकॉर्ड करणार नाही. एका बाजूला तालमी आहेत. त्या गेल्या तरी चालतील, खरंच. दुसऱ्या बाजूला ‘काठ’ असं लिहिलेलं असेल त्या मला हव्या आहेत. अंड्यातून बाहेर यायच्या वेळी मगरीची पिल्लं आतूनच आवाज देतात आणि तो ऐकून मादी माती उकरते. तो आवाज त्यांत आहे.

याच्याही आधी उचलायच्या त्या कपाटातल्या खालच्या खणातल्या निळ्या वह्या, विश्वामित्रीतल्या मगरींच्या नोंदींच्या. दिसायला त्या वाण्याच्या खातेवहीसारख्या आहेत, म्हणून रद्दीत जातील अशी मला धास्ती आहे. नदी वाचवायची म्हणून घोषणा, फलक, मैफली सगळं झालं. पण कचेरीत टेबलावर ठेवल्यावर समोरचा माणूस सरसावून बसतो तो तारीख, वेळ आणि जागा लिहिलेल्या कागदापुढे.

वह्यांत काय आहे ते सांगते, म्हणजे पानं जुळवताना गोंधळ होणार नाही. पहिला रकाना तारीख-वेळ. दुसरा कुठल्या पुलापासून कुठल्या पुलापर्यंत. तिसऱ्यात डा किंवा उ, म्हणजे डावा-उजवा काठ. तो नेहमी पाणी जिकडे वाहत जातं तिकडे तोंड करून ठरवतात, आपण उभे असतो त्यावरून नव्हे. मग पुलाच्या खांबावर पाणी कुठवर होतं ते, आणि शेवटी मगरी. थंडीत ऊन चढलं की त्या काठावर येऊन पडतात, तेव्हा सरळ मोजता येतात. रात्री टॉर्चच्या उजेडात नुसते डोळे लाल-नारंगी चमकतात, तेही टॉर्च आपल्या डोळ्यांच्या रेषेत धरली तरच. कमरेशी धरली तर काहीच दिसत नाही आणि नवखा माणूस ‘आज एकही नाही’ असं लिहून मोकळा होतो. लांबीचा अंदाज डोक्यावरून: डोकं अर्धा हात तर मगर साडेतीन हात, एक हात तर सात हात. ‘डो’ म्हणजे फक्त डोळे दिसले, लांबी ठरवलेली नाही. पाण्याखालच्या मगरी मोजणीत येतच नाहीत, म्हणून तो आकडा ‘निदान एवढ्या’ असा वाचायचा. वर्तमानपत्रवाले ‘एकूण एवढ्या’ असं छापतात, तिथेच घोळ होतो.

घरट्यांची पानं वेगळी आहेत, हिरव्या दोऱ्याने बांधलेली. मादी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये उताराच्या मातीत खड्डा करून पंचवीस-तीस अंडी घालते आणि पिल्लं पावसाच्या तोंडावर निघतात, म्हणजे सध्याच. पिल्लू नर होणार की मादी हे मातीच्या उष्णतेवर ठरतं: साडेबत्तीस अंशांच्या आसपास बरेचसे नर, त्याखाली माद्या. त्यामुळे कुठल्या काठावर सावली होती, माती मऊ होती की मुरमाड, हे लिहिलेलं आहे. काठ सिमेंटचा केला की खड्डाही नाही, बीळही नाही आणि उन्हाला पडायला उतारही नाही. मगर तिथून जाते, पण संपत नाही. ती पुढच्या कच्च्या काठावर दाटी करते, आणि तिथे माणसं धुणं-भांडी करत असतात. कोतरांत, म्हणजे नदीकाठच्या घळींत, बांधकामाची माती-विटा टाकल्या तरी हेच होतं, वर पुराचं पाणी पसरायची जागाही जाते.

मगर 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्या कायद्यातल्या ‘शिकार’ या शब्दात सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणं आणि घरट्याला धक्का लावणंही येतं. जेसीबीवाल्याला हे ठाऊक नसतं, त्याला पाठवणाऱ्याला ठाऊक असायला हवं. माहिती अधिकाराचा अर्ज गुजरातेत वीस रुपयांत होतो आणि उत्तराला तीस दिवस मिळतात. पण हरित न्यायाधिकरणात, म्हणजे पर्यावरणाच्या तंट्यांच्या न्यायालयात, आपल्याला ते इथे पुण्यालाच, वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो, फार तर आणखी साठ दिवस मिळतात. म्हणून मातीचा पहिला डंपर कधी दिसला ती तारीख मोलाची, आणि तीच उशीर झालेल्याच्या गळ्याशीही येते. तारखांची खाडाखोड कुठेही करू नका, अक्षर लागत नसलं तरी.

आई, तुझ्या मोबाईलवर प्रत्येक पानाचा एक फोटो काढ. खिडकीपाशी, वरून सरळ, पानाचे चारही कोपरे दिसतील असा. पेन्सिलीने लिहिलेलं पाण्यात टिकतं, जेलपेनचं वाहून जातं, म्हणून जेलपेनच्या वह्या आधी घे. समजा भिजल्याच, तर पानं सोडवत बसू नका आणि उन्हात घालू नका. दोन दिवसांत बुरशी धरते. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सरळ डीप फ्रीझरमध्ये टाका, मी आले की बघू. आइस्क्रीम तेवढे दिवस शेजाऱ्यांकडे.

वन्यजीव कायद्याइतकाच उपयोगी दुसरा कायदा म्हणजे 2000 चे आवाजाचे नियम. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, आणि सरकारने तसं जाहीर केलं असेल तिथे शाळा-दवाखान्यांपासून शंभर मीटर शांतता. वाजवणाऱ्यांचा तो जन्माचा वैरी, मुंबईचं रंगभवन त्यानेच मैफलींना मुकलं. बाबा, तुम्ही तेव्हा नियमाच्या बाजूने होतात. आता मीही आहे, पण हे नवरात्रात कुणाला सांगू नका. कानांना सोसतं ते 85 डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. हा हिशेब 100 पाशी पंधरा मिनिटांवर येतो, आणि तालमीची खोली सहज 100 ला जाते.

पुराचं पाणी गल्लीत शिरलं तर मगर येऊ शकते. ती माणसाच्या मागावर नसते, प्रवाहातून सुटून संथ पाणी शोधत असते. फाटक बंद, अंगणात दिवा लावलेला, कुत्रं घरात. गुडघाभर गढूळ पाण्यात चालायचं नाही. वनविभागाचा नंबर फोनशेजारी मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. ‘तोंड बांधलं की झालं’ असं म्हणणारे शूर लोक येतील. जबडा उघडणारे स्नायू दुबळे असतात हे खरं आहे, पण शेपटी कुणीच बांधत नाही.

वर न्यायचा क्रम: वह्या, कॅसेट, बेस, वायरींचा डबा. अँप सगळ्यात शेवटी. पाणी फाटकाला लागलं असेल तर तो तिथेच राहू दे. नंतर सुकला तरी त्याला प्लग लावू नका.

आईला गुडघ्याचं तेल वेगळ्या पाकिटात पाठवलंय.

तुमची,
धाकटी