गाजलेले संवाद आधी काप

प्रिय सुध्या,

सिनेमावरून केलेल्या तुझ्या संगीत नाटकाची संहिता वाचली. शिव्या घालशील, पण सिनेमातला एकही गाजलेला संवाद तू सोडलेला नाहीस आणि मधल्या फटींत गाणी कोंबली आहेस. ज्यांना ते संवाद पाठ आहेत, ते पुन्हा ऐकायला तिकीट कशाला काढतील?

'लिटल शॉप ऑफ हॉरर्स' बघ. रॉजर कॉर्मनचा १९६०चा सिनेमा, मुख्य शूटिंग दोन दिवसांत उरकलेलं. फुलांच्या दुकानातला नोकर सिमोर आणि त्याचं माणसं खाणारं झाड. डेंटिस्टकडे दुखवून घ्यायला आसुसलेला एक पेशंट त्यात आहे, तरुण जॅक निकल्सन. सिनेमाचं नाव निघालं की लोकांना तोच आठवतो. १९८२मध्ये हॉवर्ड ॲशमननं याचं संगीत नाटक केलं आणि नेमका तोच पेशंट उडवला! सिमोरच्या आईलाही काढून त्याला अनाथ केलं. डेंटिस्टला मात्र वाढवून ऑड्रीचा, म्हणजे सिमोरला आवडणाऱ्या मुलीचा, मारकुटा प्रियकर केलं. आता सिमोरच्या हातून होणाऱ्या पापाला कारण मिळालं. तो पिस्तूल घेऊन जातो, गोळी झाडत नाही, पण गॅसच्या मुखवट्यात गुदमरणाऱ्या डेंटिस्टला वाचवतही नाही. सिनेमात हे कुठेच नाही.

आणि ऑड्रीचं गाणं! तिला हवं काय, तर कुठल्याशा हिरव्या जागी, उपनगरातलं छोटं घर, कुंपण, फर्निचरवर प्लास्टिकची आवरणं. हसता हसता गळा दाटतो. मरताना ती तेच गाते आणि स्वतःला झाडाला खाऊ घालायला सांगते, म्हणजे एकदाची हिरव्या जागी पोचेल. ॲलन मेनकेनची चाल तीच, अर्थ पार उलटा. तुझ्या नायिकेला असं काही हवंय का? मला तरी दिसलं नाही.

तीन मुली सूत्रधारासारख्या कथा पुढे नेतात, झाड म्हणजे आत बसून हलवायची बाहुली आणि तिचा आवाज दुसऱ्याच नटाचा. एवढ्यावर न्यूयॉर्कच्या ऑर्फियम थिएटरात पाच वर्षं, २,२०९ प्रयोग.

शेवटी झाड सगळ्यांना खातं. या नाटकावरून केलेल्या १९८६च्या सिनेमात हाच शेवट चाचणी खेळांना प्रेक्षकांनी नाकारला, तो बदलून गोड करावा लागला. दिग्दर्शक फ्रँक ऑझचं म्हणणं, रंगमंचावर मेलेले नट नमस्काराला परत येतात, पडद्यावर येत नाहीत. मला हे शंभर टक्के पटतं. तेव्हा तुझ्या नायकाला बिनधास्त मार, तो गोड शेवट चिकटवू नकोस.

दुसऱ्या अंकातला पोलीस चौकीचा प्रवेश पूर्ण काप. तिथे बहिणीला गाणं दे. तिला भावाचं घर हवंय, हे तूच मला चहा पिताना सांगितलं होतंस, संहितेत कुठे आहे? रविवारी पेटी घेऊन ये, चाल बसवू.

तुझा,
मन्या