सातबाऱ्यावर घरच्या बाईचेही नाव लागावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे महिला शेतकऱ्यांचे वर्ष म्हणून जाहीर केले आहे. आमच्या आटपाडी-खानापूर भागात कितीतरी घरांची शेती आधीपासून बायकाच ओढतात. कर्ते पुरुष गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगलेले. दिवाळीला आणि यात्रेला गावी येतात. मागे म्हातारी माणसे, पोरे, जनावरे आणि रान. माझे मालकही तामिळनाडूत आहेत.

आमची दोन एकर डाळिंबाची बाग होती. तेल्या रोग पडला. फवारण्यांवर फवारण्या झाल्या, औषधांची उधारी चढत गेली आणि बाग गेलीच. झाडे उपटली त्या वर्षी बचत गटात कृषी सखीने, म्हणजे शेतीचे शिकवणाऱ्या गावातल्याच बाईने, फवारणीसाठी दशपर्णी अर्क करून दाखवला. कडुनिंब, करंज, निरगुडी, रुई, सीताफळ, पपई असा बांधावरचाच पाला, शेण, गोमूत्र, ठेचलेली मिरची-लसूण, सगळे दोनशे लिटरच्या पिंपात महिनाभर सावलीत कुजवायचे. रोज ढवळायचे, तेही पदर नाकाला लावून. बाजरीच्या ओळींत मटकी, हुलगा आणि तूर घालायची युक्ती मात्र सासूबाईंची. डाळिंबापायी घरात त्या युक्तीचा विसर पडला होता. गेल्या खरिपात पावसाने दडी मारली तेव्हा मटकीच्या वेलाखाली बोट खुपसून बघितले, माती गार लागली. शेजारच्या उघड्या रानात बोट शिरेना.

पहिल्या वर्षी बाजरी कमी झाली, ते लपवायचे कारण नाही. पण दुकानाची उधारी नव्हती. वर्षाचे धान्य, डाळ घरची झाली. बांधावरच्या शेवग्याने आणि वाफ्यातल्या भाजीने लेकीची फी भरली. आता आमच्या गटातल्या बऱ्याच जणी अशी शेती करतात. मात्र विषमुक्त शेतीच्या भाषणांत एक गोष्ट कुणी काढत नाही. हे सगळे अंगमेहनतीचे काम आहे. शेण गोळा करणे, पिंपात पाणी ओतणे, पाठीवर पंप घेणे, तण हाताने काढणे, हा भार बाईवरच पडतो. स्वयंपाक आणि धारा काढून पुन्हा हे.

एवढे करून कागदावर मी कुणीच नाही. शेतकरी ओळख क्रमांक काढायला सेतू केंद्रात गेले. सातबारा मालकांच्या नावावर, आधारचा मोबाइल त्यांच्या खिशात आणि ते भट्टीपाशी. त्यांनी फोन उचलेपर्यंत ओटीपीची मुदत संपायची. तीनदा असे झाले. मागच्या लोकांची खोळंबा होतो म्हणून ओरड सुरू झाली आणि मी कागद गोळा करून बाजूला झाले. पीककर्जाची चौकशी करायला गेले तेव्हा ‘मालकांना पाठवा’ एवढेच ऐकून परत आले. रानात कोणते पीक आहे, हे त्यांना फोनवर मीच सांगते, तरीही.

२०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या वहितीधारकांत, म्हणजे जमीन कसणारे म्हणून नोंदलेल्यांत, बायका शंभरात जेमतेम १४ होत्या. २००५ च्या कायद्याने लेकीला वडिलोपार्जित जमिनीत बरोबरीचा वाटा मिळाला, ते चांगलेच झाले. पण नवरा हयात असताना बायकोचे नाव उताऱ्यावर लागते ते त्याच्या मर्जीनेच. नवऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन करावी, यासाठीच शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती. १९९२ साली शासनानेही निर्णय काढला, की नवऱ्याने अर्ज दिल्यास बायकोचे नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावावे. त्याला तीन दशके उलटली. आमच्या गटात विचारले, तर एकीलाही हा निर्णय माहीत नव्हता. घरच्यांना वाटते, सून उद्या जमीन विकेल. जी बाई वाळल्या रानात पाण्याचे हंडे घालून रोप जगवते, ती ते रान विकायला निघेल का?

माझी विनंती जिल्हा प्रशासनाला आहे. दिवाळीत गलाईवाले गावी असतात. त्याच आठवड्यात तलाठ्यांनी गावोगावी चावडीवर बसून लक्ष्मीमुक्तीचे अर्ज भरून घ्यावेत आणि फेरफाराची नोंद माणसे परत जायच्या आत सुरू करावी. एरवी वर्षभर नवरा-बायको दोघे एका वेळी तलाठ्यासमोर उभे राहणे आमच्याकडे घडतच नाही.

मालकांशी फोनवर बोलणे झाले आहे. ते हो म्हणाले. अर्जाला लागणारे कागद मी आतापासूनच डब्यात जमवून ठेवते आहे.

– एक शेतकरी महिला, ता. आटपाडी, जि. सांगली